तुंगीच्या घशातलं कांडं

शनिवारी शाळा सकाळची असायची. विद्याश्री शिकवून दुपारच्या एसटीतून उतरून घराच्या वळणावर आली, तेव्हा अंगणात बरीच माणसं उभी होती. सगळ्यांची तोंडं गोठ्याकडं होती, पण गोठ्याच्या जवळ कुणीच नव्हतं.

तुंगी म्हैस ओरडत होती. कोल्हापुरातून लग्न होऊन या गावात आल्यापासून विद्याश्रीला घरच्या म्हशींचे आवाज ओळखू यायला लागले होते. भुकेचा वेगळा, रेडकासाठीचा वेगळा. हा आवाज त्यातला नव्हता. तो घोगरा होता, मध्येच तुटत होता आणि शेवटी नुसता वारा बाहेर पडल्यासारखा संपत होता. थोडा वेळ शांत जायचा आणि पुन्हा तेच.

काल सकाळी, शुक्रवारी, तिनं शाळेला निघताना तुंगीच्या तोंडातून लोंबणारी लाळ पाहिली होती. पुढ्यातलं वाडं तसंच पडलं होतं. सासूबाई, बसम्मा, म्हशीची मान खालून वर चाचपत होत्या. घशात कांडं अडकलंय, त्या म्हणाल्या. ऊसतोडीचे दिवस होते. गडहिंग्लजच्या त्या पट्ट्यात या दिवसांत जनावरांपुढं उसाचे शेंडे पडतात, ते वाडं, आणि त्यात एखादं कांडंही जातं. ते अडकलं की जनावर मान लांबवतं, लाळ गाळतं, खाणं सोडतं. मग कुणीतरी हाताला गोडं तेल लावायचं, जबड्यात दांडकं आडवं धरायचं आणि घशात हात घालून कांडं ओढून काढायचं. बसम्मांनी हे आजवर अनेक वेळा केलं होतं. त्यात विद्याश्रीला विचारण्यासारखं काही वाटलं नाही आणि ती एसटीसाठी पळाली. संध्याकाळी तिला एवढंच सांगितलं गेलं की शेजारच्या कृष्णातनं हात घालून बघितला, काही सापडलं नाही, खाली उतरलं असंल.

आज जनावरांचे डॉक्टर आले होते. ते फाटकाजवळच थांबले होते आणि त्यांनी बॅग उघडलेली नव्हती. तुंगी दाव्याला हिसडे देत होती. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. तिनं समोरचा खुंट दातांनी धरून सोलून काढला होता आणि तिच्या ओठांवर रक्त होतं.

डॉक्टरांनी विचारलं, हिला कधी कुत्रं चावलं होतं का. कृष्णात म्हणाला की दिवाळीनंतर एक मोकाट कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, मागच्या पायाला जरा दात लागले होते, पण चुना भरला आणि जखम भरूनही आली.

"पिसाळलीय म्हस," डॉक्टर म्हणाले. "आता हिच्या जवळ कुणी जायचं नाही. उपाय नाही यावर."

अंगणात सगळे एकदमच बोलायला लागले. तुंगी आठवड्यापूर्वी व्याली होती आणि तिच्या चिकाचा खरवस अख्ख्या गल्लीत वाटला गेला होता. कुणी दोन वड्या खाल्ल्या होत्या, कुणी पोरांना भरवला होता, एकीनं माहेरी पाठवला होता. एक बाई तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून घशात बोटं घालायला लागली. डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले की चीक शिजवलेला होता, दूध उकळलेलं होतं, त्यानं काही होत नाही. धोका लाळेचा आहे. ते कुणाला ऐकू गेलं असं विद्याश्रीला वाटलं नाही. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिला ते एकदा ऐकूनच कळलं होतं, तरी तिची नजर दारात कुठं आपली मुलं दिसतात का ते शोधत होती.

डॉक्टरांनी आवाज चढवून विचारलं, "तोंडात हात कुणी घातला होता?"

कृष्णातनं उजवा हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी, डॉक्टर. आता काय, मीबी भुंकनार व्हय?"

डॉक्टरांनी त्याला आजच्या आज गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. पोटात इंजेक्शनं, रोज एक, पुरी चौदा, एकही चुकवायचं नाही. मग त्यांनी बसम्मांकडं वळून विचारलं की आणखी कुणी. मुलं वगैरे जवळ गेली होती का.

"पोरं घरात हाईत," बसम्मा म्हणाल्या. "सकाळपास्नं कडी लावून ठिवलीय."

त्यांचा उजवा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर घट्ट मिटलेला होता. विद्याश्रीनं सुटकेचा श्वास घेतला आणि ती कडी काढून घरात गेली.

पवित्रा मधल्या खोलीत चटईवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती सहा वर्षांची होती. पोट दुखतंय म्हणून ती आज शाळेत गेली नव्हती, निदान पहाटे अज्जीनं तसं सांगितलं होतं. अंगाला हात लावला तर ताप नव्हता. धाकटा अमरेश, चार वर्षांचाही नव्हता अजून, एक कळशी आडवी करून तिच्यापुढं मांडी घालून बसला होता. त्यानं कळशीच्या तोंडात लाटणं आडवं धरलं होतं आणि दुसरा हात खांद्यापर्यंत आत घातला होता.

काय करतोयस, तिनं विचारलं.

"कांडं काढालोय. तुंगीच्या घशातलं."

"बरं. सापडलं का?"

"न्हाय. आक्कालाबी न्हाय सापडलं."

विद्याश्री तशीच उभी राहिली. बाहेर तुंगीचा आवाज पुन्हा सुरू झाला, तुटला, संपला. चटईवर पवित्राची पाठ अजिबात हलत नव्हती. झोपलेल्या मुलाची पाठ हलते.

ती तिच्याजवळ बसली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, "पवी, तू तुंगीच्या तोंडात हात घातला होतास?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "कृष्णात काकाचा हात जात नव्हता. माझा बारीक हाय म्हनून."

"कुणी सांगितलं?"

"अज्जीनं. पण मी सांगितलं म्हनून सांगू नको तिला."

विद्याश्रीनं तिला उठवून उजेडात आणलं आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. कोपरापर्यंत गोड्या तेलाचा वास अजून होता. बोटांवर, मनगटावर, तळव्याच्या कडेला बारीक लाल रेघा होत्या. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते. या दिवसांत गावातल्या सगळ्याच मुलांचे हात असे चिरलेले असतात आणि कुणाचं त्याकडं लक्ष जात नाही. काही रेघांवर खपली धरली होती. दोन-तीन ताज्या होत्या. करंगळीजवळची एक तर अजून उघडी होती, आणि विद्याश्री तिच्याकडं बघत राहिली. एवढ्या जागेतून काय काय आत जाऊ शकतं हे ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत तिनं आकृतीसह लिहिलं होतं.

तिनं पवित्राला ओढतच मोरीत नेलं, नळ पूर्ण सोडला आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, कोपर. फेस काढायचा, पाणी सोडायचं, पुन्हा साबण. साबण चिरांत झोंबायला लागला तशी पवित्रा रडायला लागली. विद्याश्री नुसती धूत राहिली. काल सकाळी धुवायला हवा होता हा हात. काल सकाळपासून आतापर्यंत कितीतरी वेळ गेला होता, आणि तरीही धुणं थांबवायचं धाडस तिला होईना.

"पानी लावू नगं तिला!"

बसम्मा मोरीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन नळ बंद केला. विद्याश्रीनं तो पुन्हा सोडला. सात वर्षांत या घरात तिनं असं काही केलं नव्हतं.

"तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

बसम्मांनी मागं वळून बघितलं, अंगणातलं कुणी ऐकत नाही ना. मग हळू आवाजात त्या सांगायला लागल्या. काल रात्री म्हस खुंटाला चावायला लागली तेव्हाच त्यांनी ते ओळखलं होतं. लहानपणी त्यांनी एक पिसाळलेला बैल पाहिला होता. त्या रात्रभर पोरीच्या उशाशी बसून होत्या. सकाळी सून एसटीला गेली आणि मुलगा, संगमेश, दुकानाच्या मालासाठी बेळगावला गेला, तशी त्यांनी पवित्राला उठवलं आणि ओढ्यापलीकडच्या गावात मुळीवाल्याकडं नेलं. तो पिसाळलेल्या कुत्र्यावर गुळातून औषध देतो. त्यांच्या माहेरची कितीतरी माणसं त्यानं वाचवली होती.

"दिलं औषद. पोरीनं गिळलं. आता तिला काय हुत न्हाय, विद्या. पण पथ्य हाय. पानी लावायचं न्हाय हाताला. आनि सुई तर न्हायच न्हाय. औषद पोटात असताना सुई टोचली की मानूस जातंय. त्यानं मला तीनदा सांगितलंय."

"आत्ती, हात पुसा तिचा. मी तिला गडहिंग्लजला नेतेय."

बसम्मा मोरीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला. त्या उंच नव्हत्या, पण रोज चार म्हशींच्या धारा काढणारे हात होते ते.

"मारनार हाईस तू तिला."

विद्याश्रीला खूप काही म्हणता आलं असतं. मुळीवाल्याची जी माणसं जगली, त्यांना चावलेलं कुत्रं पिसाळलेलंच नसेल. सुई आणि गूळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे सगळं तिला येत होतं, वर्गात तिनं ते शांतपणे समजावलं असतं. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत जी भीती दिसत होती तीच तिलाही होती, तेवढीच, तशीच. बसम्मांना वाटत होतं की सून पोरीला मारायला नेतेय. आणि सुनेला वाटत होतं की इथं या दारात जाणारा प्रत्येक क्षण पोरीला मारतोय. दोघींच्या मध्ये पवित्रा ओल्या हातानं उभी होती आणि तिचे दात वाजत होते.

"मारनार म्हंजे?" पवित्रानं विचारलं.

बसम्मांचे हात चौकटीवरून खाली आले. त्या बाजूला झाल्या असं नाही, पण विद्याश्री मुलीला घेऊन निघाली तेव्हा त्यांनी तिला धरलं नाही.

अमरेशला शेजारी ठेवून ती रस्त्यावर आली. कृष्णातनं माणसं भरून नेणारी वडापची जीप थांबवून धरली होती. ती बसली, पवित्राला मांडीवर घेतलं, आणि जीप हलणार तेवढ्यात बसम्मा आल्या. अनवाणी, डोक्यावर पदर, धापा टाकत. त्या आत चढल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या.

जीपमधल्या परक्या माणसांपुढं काही बोलता येत नव्हतं. कृष्णात विद्याश्रीच्या कानाशी झुकला. "वहिनी, मी सांगनारच हुतो डॉक्टरला. पर काकूनं असं डोळं केलं की मी गप बसलो. मला वाटलं, घरातलं घरात सांगत्यात काय की." मग आपल्या हाताकडं बघून तो म्हणाला, "माझा हात तर निम्मादेखील आत गेला नव्हता. पोरगीचा गेला, पार हितवर." त्यानं आपल्या दंडावर खूण दाखवली आणि मग आपण हे सांगायला नको होतं हे त्याच्या लक्षात आलं.

विद्याश्रीनं पवित्राचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ते जंतू रक्तातून जात नाहीत. ते मज्जातंतू गाठतात आणि त्यातून मेंदूकडं सरकतात, फार सावकाश, दिवसाला बोटाच्या पेराएवढं अंतर. मोठ्या माणसाच्या पायाला चावलं तर वाट लांब असते. तिनं पवित्राच्या करंगळीपासून खांद्यापर्यंत आणि खांद्यापासून मानेपर्यंत नजर फिरवली. ती मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी होती, रांगेत पहिली उभी राहायची. विद्याश्रीला आजवर त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

दवाखान्यात गर्दी नव्हती. तरुण डॉक्टरनं तिघांचं नीट ऐकून घेतलं, पवित्राच्या हातावरच्या चिरा खिडकीशी नेऊन पाहिल्या, आणि एकदाच मान हलवली. ती मान कोणत्या अर्थानं हलली हे विद्याश्रीनं विचारलं नाही. धुतलं ते चांगलं केलं, तो म्हणाला. लस आहे, आजच सुरू करू. आतल्या खोलीत नर्सबाईनं पितळी डब्यातून चिमट्यानं सुई काढली. पवित्रानं सुई बघितली, मग अज्जीकडं बघितलं.

"अज्जी, ह्यानं मरतंय मानूस?"

बसम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"बाई, आदी मला टोचा."

नर्सनं विचारलं की तुम्हाला कशाला, तुम्ही हात घातला होता का.

"घातला हुता. पोरीच्या आदी माजाच." त्यांनी आपला तळवा पुढं केला. शेणामातीनं भेगाळलेली बोटं, भेगांत अजून तेल. "आनि ते गुळातलं औषद मीबी खाल्लंय, हिच्यासंगं. हिच्याएवढंच. तवा आदी मला टोचा आनि मला हितं बसवा. मला काय झालं तर पोरीला टोचू नगा. हिच्या आईलाबी माजं हेच सांगनं हाय."

नर्स काहीतरी बोलणार होती, पण विद्याश्रीनं तिला हातानं थांबवलं. तिनं सासूबाईंकडं बघितलं. हा हातही म्हशीच्या तोंडात गेला होता, आणि त्याचं काय हे कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

"त्यांना द्या आधी," ती म्हणाली.

बसम्मा टेबलावर आडव्या झाल्या. लुगडं बाजूला करायला त्यांनी नर्सला मदत केली नाही. डोळे मिटून, लिंग मुठीत धरून त्या पडून राहिल्या. सुई आत गेली तेव्हा त्यांच्या ओठांतून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. मग त्या उठून खालीच बसल्या, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. नर्स दुसरी सुई भरायला लागली तसा त्यांनी तिच्या पदराचा काठ धरला.

"दम धर. बघू दे की मला, काय हुतंय."

नर्सनं डॉक्टरकडं बघितलं आणि ती कृष्णातला आत घ्यायला गेली.

विद्याश्री जमिनीवर सासूबाईंच्या शेजारी बसली. अशा थांबण्याला काहीच अर्थ नाही हे तिला ठाऊक होतं. ज्यानं मरण येईल ते आज येणार नव्हतं आणि आज जे बघितलं त्यावरून काही ठरणार नव्हतं. तरी ती बघत होती. बसम्मांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचा श्वास भरभर चालला होता. तो सुईचा होता की भीतीचा, हे बाहेरून सांगता येत नव्हतं, आणि बसम्मांनाही आतून सांगता येत नसावं. त्या आपल्याच छातीवर हात ठेवून कान देऊन होत्या. पवित्रा दोघींच्या समोर उकिडवी बसून अज्जीच्या तोंडाकडं एकटक बघत होती, डोळ्याची पापणीही न लववता, जणू तिनं नजर काढली तर काहीतरी होईल.

पडद्यापलीकडून कृष्णातचा आवाज आला, "आईगं, बाई, म्हस बरी हुती तुमच्यापरास." पवित्राचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही.

शेवटी बसम्मांनी पाय जवळ घेतले. त्यांनी भिंतीचा आधार घेऊन उभं राहायचा प्रयत्न केला, विद्याश्रीनं हात दिला आणि त्यांनी तो धरला.

"उठ गं पवी," त्या म्हणाल्या. "मुंगी चावल्यागत हुतंय. मी धरतो तुला."

त्यांनीच तिला टेबलावर निजवलं, त्यांनीच फ्रॉक वर केला. विद्याश्रीनं पाय धरले. पवित्राचं पोट आत ओढलं गेलं, सुई गेली, आणि ती इतक्या मोठ्यानं किंचाळली की बाहेरच्या बाकावरचं एक बाळ रडायला लागलं. बसम्मांनी तिचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं.

डॉक्टरनं सांगितलं की उद्या रविवार असला तरी यायचं. परवाही, तेरवाही. कुठली लक्षणं दिसली तर लगेच आणायचं. कुठली ते त्यानं सांगितलं नाही, कारण मुलगी ऐकत होती. विद्याश्रीनं तिला ऐकू येणार नाही अशा आवाजात विचारलं की कधीपर्यंत लक्ष ठेवायचं. तो म्हणाला, लस पूर्ण झाली की बहुतेक काळजीचं कारण राहत नाही. बहुतेक, हा शब्द त्यानं टाळला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, आणि टाळला असता तर तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

बाहेर व्हरांड्यात मातीचा माठ होता. रडून रडून पवित्राला उचक्या लागल्या होत्या. पाणी, ती म्हणाली. कृष्णातनं डाव्या हातानं पेला भरून तिला दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. विद्याश्री तिच्या गळ्याकडं बघत होती. तिनं नजर वळवली तर शेजारी बसम्माही तिथंच बघत होत्या. पिसाळल्यावर पाणी गळ्याखाली उतरत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणी त्या बैलाबरोबर त्यांनी एक माणूसही पाहिला असेल, ज्याच्याबद्दल त्यांनी सांगितलं नव्हतं. पवित्राच्या गळ्याची बारीक हालचाल वर झाली, खाली आली. पुन्हा वर. मध्ये एक उचकी आली आणि पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. दोघींपैकी कुणीही श्वास घेतला नाही.

"अजून दे," पवित्रा म्हणाली आणि तिनं पेला पुढं केला.